जास्तीचे दोन गठ्ठे

मीनल : …जात्यावर बसली की आजी हीच ओवी म्हणायची. 'तान्ह्याच्या गं पायी कुशीला वळले, पाठमोरी झाले सजणाला.' मी परकरातली पोर. विचारायचे, आजी, मग परत वळलीस कधी? ती नुसती हसायची आणि जात्यात मूठभर दाणे टाकायची.

भगवान : भरदुपारी ओव्या काय सुचतायत? कैची दे. आणि पंखा बंद कर, धागे उडतायत.

मीनल : उडू द्या. अहो, आज पोरांना आईकडे वांगणीला का धाडलं मी?

भगवान : माल उरकायला. म्हणून तर दोन गठ्ठे जास्तीचे उचलले ना! शेठ बोलला, इतवार को भी? मी बोललो, आज घर खाली आहे, संध्याकाळपर्यंत सगळ्या जीन्सचे धागे कापून देतो.

मीनल : घर खाली, म्हणून धागे कापायचे!

भगवान : मग काय करायचं?

मीनल : केसात गजरा घातलाय. अबोलीचा. दिसला?

भगवान : दिसला की. कुणाकडे बारसं आहे का?

मीनल : हो, तुमचंच. धोंडा नाव ठेवते.

भगवान : अगं, सरळ बोल ना.

मीनल : सरळ? ऐका तर. मला तुम्ही पाहिजे. चिमीची आई, आकाशची आई मी आहेच, मरेपर्यंत आहे. दिवसभर अंगावर पोरांचेच हात. हा पदर ओढतो, ती गळ्यात लोंबते. तुमचा हात कधी लागतो? कैची देताना. तीही टोकाला धरून, जपून.

भगवान : हळू. पलीकडे इंदुबाई आहे.

मीनल : ऐकू दे. तीच विचारते, तुझ्या माणसाला कायमची रात्रपाळी कशी गं? आकाश झाल्यापासून हेच. मी आडवी व्हायला आणि तुम्ही अंबरनाथची गाडी धरायला. तुमच्या कंपनीतल्या त्या सुपरवायझरचं तळपट होवो!

भगवान : त्याला कशाला शिव्या?

मीनल : मग कुणाला देऊ?

भगवान : आकाश तेव्हा पंधरा दिवसांचा होता. मी दुधाची पिशवी घेऊन येत होतो. नळावर तू इंदुबाईला म्हणालीस, 'आता ह्यांनी अंगाला हात लावला ना, तर जीव देईन.'

मीनल : टाके ओले होते माझे! धड बसता येत नव्हतं. त्या दिवसांत बाई दुसरं काय बोलणार? आकाश आता शाळेत जातो, अहो.

भगवान : हं.

मीनल : एकदा विचारायचं होतं.

भगवान : विचारणार होतो. मग वाटलं, मनात नसताना तू हो म्हणशील. माझ्यासाठी.

मीनल : आणि मी काय समजत होते? ह्यांना माझी किळस येते. दुधाचा वास येतो म्हणून अंग घासघासून धुवायचे. कातडी सोलली माझी.

(ती गजरा काढते आणि जीन्सच्या ढिगावर ठेवते.)

भगवान : मीनल…

मीनल : कापा. पोरं येतील संध्याकाळी. उद्या मीच कंपनीत जाते. त्या सुपरवायझरच्या पाया पडते, म्हणते, आता तरी दिवसपाळी द्या आमच्या माणसाला.

भगवान : जाऊ नकोस. तो दर वेळी दिवसपाळीच देतो. मीच नको म्हणतो.