नव्या पॉलिशची चपाती

माझ्याएवढा संशयी माणूस परंड्यात न्हाय, असं मला परवापर्यंत वाटायचं. लेथवर लाटणी काढतो, पण लाखेशिवाय त्यांना दुसरं काय लावत न्हाय. परवा एक विक्रेता नव्या पॉलिशचा डबा घेऊन आला. म्हणला, “मामा, पोटात गेलं तरी चालतंय.”

म्हणलं, “मग तुमच्याच पोटात घालून बघू.”

एका लाटण्याला पॉलिश मारलं, तासाभरात वाळलं. बायकोला दिलं आन् सांगितलं, “ह्याच्यानं चपात्या लाट, पाव्हण्याला वाढ.”

ताटं आली दोन! बायको म्हणली, “पाव्हण्याला एकट्याला जेवाय बसवत्यात व्हय? तुमीबी बसा.”

पाव्हण्यानं चार चपात्या हाणल्या. म्या वास घेत घेत एक कशीबशी गिळली. संध्याकाळपर्यंत पोटात काय झालं न्हाय, तवा खुशाल चाळीस लाटण्यांना तेच पॉलिश मारलं.

ती वाळत घातलेली बघून बायकोनं कपाळाला हात लावला. “अवो, तुमचं ते लाटणं फळीवर तसंच पडलंय. असलं कायबाय जेवणात घालाय म्या खुळी हाय व्हय? जुन्यानंच लाटल्या होत्या!”