मागचे दोन टायर

पंक्चर काढायला मी टायरच्या दुकानात बसले होते. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. त्यांची लाल स्पोर्ट्स कार जॅकवर चढवलेली होती आणि मिस्त्री खाली वाकून मापं बघत होते.

"साहेब, मागचे दोन टायर पुढच्यांपेक्षा उंच आहेत. कोणी बसवले?"

"मीच सांगितलं होतं. मागून रुबाबदार दिसते."

"दिसते हो. पण हिच्या चारही चाकांना इंजिनचा जोर एकदम मिळतो. मोठं चाक सावकाश फिरणार, लहान भरभर, आणि मधले गिअर आपसात भांडत बसणार. वळताना अडखळत असेल ना?"

"छे, मला नाही जाणवलं."

"मला जाणवायचं. पार्किंगमधून काढताना कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं व्हायचं."

"अगदी बरोबर, ताई. कधीपासून?"

"हे टायर घातले तेव्हापासून. दोन वर्षं झाली. यांना सांगितलं, तर म्हणाले, तुला स्टिअरिंगच धरता येत नाही."

"अगं, ते मी आपलं सहज..."

"लग्नाआधीपासून गाडी चालवत होते मी, दादा. मग सोडून दिली. रोज कोण ऐकून घेणार?"

"मग काय करू, साहेब?"

"चारही नवीन टाका. एकाच मापाचे."

तासाभराने गाडी खाली उतरली. मिस्त्रींनी किल्ली साहेबांच्या हातात दिली.

"घे. घरापर्यंत तूच चालव."

"राहू दे. माझं लायसन्स संपून वर्ष झालं."