दोराच्या खालच्या टोकाला

द्वारकेला जाणाऱ्या सिटी बसच्या रांगेत माझ्या मागे मायलेकी उभ्या होत्या.

"आई, पास झाले! आता शाळेच्या मुलांना रॉक क्लाइंबिंग शिकवायला मी मोकळी!"

"हळू बोल गं. परीक्षेत कड्यावर चढवलं तुला?"

"छे, मी खाली उभी. सरांनी वरून मुद्दाम हात सोडले. त्यांचा दोर माझ्या हातात!"

"सर केवढे आहेत?"

"बाबांपेक्षा जाड!"

"आणि पडले नाहीत?"

"फूटभरसुद्धा नाही, यार!"

"आईला यार म्हणायचं नाही."

"सॉरी. रविवारी धौजच्या कड्यावर माझी पहिली बॅच आहे. बघायला ये ना!"

"बघायला नाही येणार."

"चल ना! लिफ्टला घाबरतेस तेवढं पुरे."

"लिफ्टचा दोर कोण धरतं, मला माहीत नाही. चढायला सलवार-कमीज चालेल का?"