राष्ट्रकवीची हाडं

—नाही गं पोरी, त्या चौरंगावर नको बसूस! त्याच्यावर भाऊ बसायचा म्हणून राजधानीहून, अंतानानारिव्होहून आलेले लोक फोटो काढून गेलेत, आता मी तिथं कोंबडी उबवायला बसवते. इकडे ये, मागाजवळ. हे घे भाताच्या खरवडीचं पाणी, गरम आहे. हात चालला की माझं तोंडही चालतं, तू लिही खुशाल. पुस्तक लिहितेयस ना त्याच्यावर? लिही. रामानांत्सो, माझा पाठचा भाऊ, राष्ट्रकवी. कवी म्हणून कसा होता? मला काय विचारतेस, सगळं फ्रेंचमध्ये! गोऱ्यांना हाकला म्हणून गोऱ्यांच्याच भाषेत ओरडायचं — गोऱ्यांना कळलं, त्यांनी बक्षीस दिलं, आम्हाला कळलं नाही, आम्ही टाळ्या वाजवल्या. आईच्या उखळावर म्हणे त्याची फार गाजलेली कविता आहे. अगं, त्या उखळात भात मी कांडायचे! हा भिंतीला टेकून ऐकायचा. पुढं आमदार झाला, मंत्री झाला. आमच्यात दर चार वर्षांनी घराण्याचं थडगं उघडून पूर्वजांच्या हाडांना नवं कापड गुंडाळतात; तसा आईला बाहेर काढून नवं रेशीम गुंडाळायचा दिवस ठरला — बैल कापलेला, बाजा वाजतोय, गाव नाचतंय, आणि हा कुठं? पॅरिसला, 'आमचे पूर्वज' या विषयावर भाषण करायला! तार पाठवली. तार काय आईच्या हाडांना वाचून दाखवू?

तुरुंग? हो, मंत्री व्हायच्या आधी गोऱ्यांनी डांबला, सात वर्षं. त्यात खोट नाही. दोन दिवस चालत मी भात घेऊन जायचे. तिथं नाही गं कविता म्हणाला — रडला. "रायवोताई, मला परक्या मातीत टाकू देऊ नकोस. आईच्या शेजारी ठेव." मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे म्हटलं. मेला तेव्हा ठेवलाच आईशेजारी, आणि माझ्या जिवाला गार वाटलं.

—आणि वीस वर्षांनी सरकारला त्याची आठवण झाली! संगमरवरी घुमट बांधला, आता आत ठेवायला कवी हवा. गेल्या हिवाळ्यात मंत्री आला, बँड घेऊन, झेंडा पांघरलेली पेटी घेऊन. आमच्या पुरुषांना पूल बांधून देतो म्हणाला, झालं, सगळे नंदीबैल. मी म्हटलं, थांबा, घरात थोरली मी, आधी थडग्यात मी उतरणार. कापडावर नावं शाईनं लिहिलेली, ओलीनं कधीच पुसली गेली. आत भिंतीभिंतीला दगडी कट्टे, कोण कुठल्या कट्ट्यावर निजलाय ते मला एकटीला ठाऊक. मी बोट दाखवलं. मंत्री गुडघे टेकून रडला हो, खरे अश्रू! त्याच्या बायकोला पोर होत नव्हतं, तिनं त्या प्रेताखालच्या चटईचा तुकडा गाठीला बांधून नेला. झाला म्हणे मुलगा. आता मोठेपणी लोकांना उन्हात बांधून कर वसूल करत नाही सुटला म्हणजे मिळवली—

का म्हणजे? काही नाही. आमचा एक काका होता, रायनिझाफी, गोऱ्यांचा मुकादम. कर दिला नाही की माणसाला दिवसभर उन्हात बांधून ठेवायचा. माझ्या बापालाही बांधलं होतं, सख्ख्या भावाला! कधी कुणी त्याला नवं रेशीम दिलं नाही, जुन्या फडक्यातच पडून होता मेला. शेजारच्या कट्ट्यावर होता, एवढंच म्हणतेय मी.

'होता' म्हटलं? म्हातारी झाले, जीभ घसरते.

हे रेशीम? येत्या सोहळ्याचं. हात लाव, रानरेशीम आहे, आईसाठी विणलं त्याच लडीतलं. कुणाला म्हणजे — काकाला. हो, त्याच काकाला. बघतेस काय अशी? माणसानं क्षमा करू नये का?

...लिहिणं थांबव. थांबव म्हणते ना! ते पान फाड, चुलीत टाक. माझ्या भावाला चार वर्षांनी एकदा बहिणीच्या हातचं कापड मिळतं, तेवढं राहू दे त्याला.

चल, ऊठ, तुझी बस आली. आणि घुमटात गेलीस तर फूल वाहायला विसरू नकोस — कराची बाकी ठेवलेली त्याला कधी खपली नाही.