वारा पोचला की जाऊ

...अहो, कसला समुद्र नि कसली ट्रिप! चौदा महिने, तुम्हाला सांगतो, बॅग भरून पलंगाखाली पडलीय आणि आमच्या सौभाग्यवती म्हणतात, ‘वारा पोचला की जाऊ!’ वारा म्हणजे खिडकीतला नव्हे हां, सूर्याचा! सूर्यातून निघतो, सेकंदाला चारशे किलोमीटर, लहर लागली तर सातशे, आणि त्याचा वेग मोजणं ही हिची नोकरी. त्यात सूर्याची अकरा वर्षांची तऱ्हा, काही वर्षं गुमान, काही वर्षं नुसता थयथयाट... नेमकी आमची ट्रिप थयथयाटात!

झालं काय, एक जोरदार झोत निघाला. ग्रहांच्याही पार पल्याड गेलेल्या यानापाशी तो कधी पोचतो, तिथे वेग किती उरतो, हे हिला बघायचं. ‘दहा महिन्यांत पोचेल हो, मग जाऊच!’ मी खूश! रजा टाकली! आणि मग... मला अक्कल सुचली! मी बस डेपोत टाइमकीपर, तीस वर्षं. जेवताना बोलून गेलो, ‘अगं, पुढे रडतखडत चाललेल्या गाड्या असतील तर मागची जलद गाडी काय त्यांच्या डोक्यावरून जाणार? ढकलाढकली करत सगळ्या एकाच चालीने येतात!’ हिचा घास हातातच! ‘अहो, यंदा पुढचा वारा फार मंद आहे, मी धरलाच नाही!’ ताट सोडून उठली, गणित केलं... चौदा महिने! माझी रजा गेली बोंबलत! कोणामुळे? माझ्याच जिभेमुळे! ‘वारा पोचला की जाऊ!’

चौदावा महिना आला, पुन्हा रजा टाकली, तर म्हणते, ‘घरी माश्या मारणार का? चला ऑफिसला.’ गेलो! पाच दिवस प्लॅस्टिकच्या खुर्चीत, खिडक्या बंद, समोर एकच आकडा, यानापाशी वाऱ्याचा वेग किती तो. तीनशे ऐंशी... तीनशे ऐंशी... मागे कोणीतरी कुजबुजलं, ‘मॅडमची तारीख चुकली वाटतं.’ मीच हात जोडले! म्हटलं, ट्रिप गेली खड्ड्यात, पण बाबा रे, पोच आता! ही नखं खातेय...

सहाव्या दिवशी... चारशे दहा... साडेचारशे! हिने सगळ्यांदेखत माझा हात असा धरला, असा धरला, लग्नातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हता! डोळे भरले हो, दोघांचेही, खोटं कशाला सांगू?

म्हटलं, ‘पोचला ना? आता जाऊ?’

‘जाऊ की! पण अहो, मागून आणखी एक झोत निघालाय, त्याची तेवढी तारीख काढून देता?’

काय करता... पेन्सिल मागितली.