हवालदारांची बॅटरी अशी न्हाय

—अरे, खोलू नकोस दिपेश, बिघडलेली न्हाय ती. फारच चांगली चालते, तीच तर भानगड हाय. काल तू एलईडी बसवून दिलास ना, तो काढ आणि माझा जुना पिवळा बल्ब होता तसा बसव. का म्हणजे? सांगतो. दुकानात आता गिऱ्हाईक न्हाय, उन्हाचं बोर्लीत कोण फिरतंय? बस.

ही बॅटरी माझ्याबरोबर अख्खी नोकरी हिंडली — तीन सेलांची, स्टीलची, हातात घेतली की आपण कुणीतरी हाय असं वाटायचं. रिटायर झालो तेव्हा शाल दिली, नारळ दिला, हवालदार आता आराम करा म्हणाले. मी ऐकतो होय? दिवेलागण झाली की ही घ्यायची नि आमच्या खालच्या पाखाडीतनं राउंड मारायचा, बंदरापासून देवळापर्यंत. कुणी सांगितलं होतं? कुणी न्हाय. सरपंच तर एकदा म्हणाले, चांगदेवराव, आपल्याकडं चोरण्यासारखं हाय तरी काय, सुकी मासळी नि नारळ. पण माझी ऐट काय विचारतोस — गाव माझ्या भरवशावर झोपतंय, असं मला आपलं वाटायचं. हे पोट बघ. चोर पळाला असता तर मी त्याला धरणार होतो? मी मागनं धापा टाकत त्याला सांगणार, बाबा, जरा दमानं पळ.

बरं. तर काल तुझा नवा उजेड घेऊन घरी गेलो, आणि दिवेलागणीला नेमकी लाइट गेली. म्हटलं, वा, उद्घाटनच झालं. पाखाडीच्या तोंडाशी उभा राहून बटण दाबलं — काय तो उजेड, माडाच्या शेंड्यापर्यंत, झावळी न् झावळी मोजून घ्यावी. मी छाती काढून चाललो, तर कुत्री भुंकायला लागली. कुणावर? माझ्यावर. रोज ज्यांना मी पाव घालतो, तीच. पटापटा खिडक्या बंद. मला वाटलं, चोर शिरला कुठंतरी! इतकी वर्षं वाट बघितली, आज शिरला. मग काय, मी बॅटरी इकडं मार, तिकडं मार, कुणाच्या न्हाणीत मार, कुणाच्या पडवीत मार — आणि मागनं एकानं माझं मानगूट धरलं. तो गणराज, नारळ पाडायला झाडावर चढतो तो. हात हायत का लोखंड! बाजूला ऋत्विक, वल्हं घेऊन. बॅटरी माझ्या हातनं पडली. मी ओरडतोय, अरे मी चांगदेव हवालदार. तर गणराज म्हणतो, आणि अगदी शांतपणे बरं का —

"हवालदारांची बॅटरी अशी न्हाय. ती पिवळी असते. नि ती सखुबाईंच्या ओट्याशी थांबते."

... हं. म्हणजे थांबते ती. मी थांबतो. पाणी प्यायला. बरं, चहा प्यायला — हसू नकोस. त्यांचे मालक, दादू, गेले त्याला किती वर्षं झाली, माझी सगुणा गेली त्यालाही. तर मी पायरीवर बसतो, त्या आत उंबऱ्याशी, आणि मधे बॅटरी विझवलेली. विझवलेली का? सेल वाचतात. न्हाय, सेलच वाचतात असं मीही स्वतःला सांगायचो. अंधारात बसलं की कुणाला दिसत न्हाय, असा माझा पोलिसी हिशेब. आणि सगळी पाखाडी बघतेय — पिवळा दिवा आला, सखुबाईंकडं विझला, बऱ्याच वेळानं पुन्हा पेटला. जन्मभर लोकांवर पाळत ठेवली, नि माझ्यावरची मला कळली न्हाय. आणि हा एलईडी तरी कशाला घेतला होता? तीच म्हणाली — म्हणजे त्या म्हणाल्या — तुमची बॅटरी मंद झाली हवालदार, कुठंतरी पडाल. एवढ्या एका बोलण्यावर मी एसटी धरून तुझ्याकडं आलो.

तर ऋत्विक मोबाईलचा उजेड माझ्या तोंडावर मारतो, तेवढ्यात सखुबाई कंदील घेऊन बाहेर. आधी त्यांनीच म्हणे आतनं गणराजला हाक मारली होती, कुणी परका फिरतोय म्हणून. मला बघितलं. कंदील वर धरून नीट बघितलं. "सोड रे त्यांना, आपलेच हायत," म्हणाल्या. आणि मग सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "हवालदार, उद्यापासून दिवसाउजेडी येत जा. चहा आत बसून घ्या. ह्या वयात चोरासारखं कशाला?"

कुणी हसलं न्हाय रे. हसले असते तर बरं झालं असतं, मी चिडलो असतो नि सुटलो असतो. गणराजनं माझी कॉलर सरळ केली. ऋत्विकनं बॅटरी उचलून हातात दिली, जळतीच. मी तिला विझवायचं विसरून घरी गेलो, अख्ख्या पाखाडीला पाठमोरा दिसत.

म्हणून म्हटलं, पिवळा बल्ब बसव. म्हणजे पुन्हा आपलं पहिल्यासारखं — संध्याकाळचं, पायरीवर, कुणाला न कळता... आता कुणाला न कळता काय, म्हणा. निकेतला पनवेलला फोन करावा का? पोरगा काय म्हणेल? रात्रभर हाच घोर, तर तो सकाळीच फोन करून म्हणाला, बाबा, मला कळलं. बघ, तिथपर्यंत गेलं. वर म्हणतो, मग तुम्ही अजून घरीच कसे?

काय? ... तेच म्हणतोस तूही? सकाळीच जायला हवं होतं, ठाऊक हाय मला. इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, नि सखुबाईंकडं वळायच्या ऐवजी एसटीत चढलो. गाव राखणारा माणूस. इथं तुझ्या स्टुलावर बसून ऊन उतरायची वाट बघतोय. तिकडं चहाचं आधण दोनदा आटलं असेल.

थांब, तो बल्ब ठेव. काही बसवू नकोस. बॅटरी इथंच असू दे फळीवर, उद्या-परवा बघू — उन्हात काय करायचीय ती. आरसा हाय का तुझ्याकडं? नि कंगवा?

दे. आणि तू तिकडं तोंड कर. कर म्हणतो ना.