आईंच्या जातीची रोपं

नाही काकू, त्या ट्रेमधलं नको, इकडचं घ्या — इकडच्यात काय वाईट आहे? तेही असंच, गुलाबासारखं उमललेलं, जाड पानांचं, बर्फ पडला तरी न मरणारं. पाटी वाचून मागताय, कळलं मला. पाटी मीच लिहिलीय. ‘थंडीत टोकं डाळिंबी, पानांच्या कडेला बारीक लव, पाणी घालायला विसरलात तरी चालेल.’ अक्षर बरं म्हणून पाट्या माझ्याकडे आल्या — नव्या सुनेला काहीतरी खातं द्यायला हवं ना. जात मात्र सासूबाईंची. नऊ वर्षं दरसाल सगळ्यात गडद रोप निवडायचं, त्याच्याच बुडाशी फुटलेली पिल्लं लावायची, असं करत आणलेली. डोळ्यांच्या ऑपरेशनला गेल्या तेव्हा म्हणाल्या, ‘यांचं काही करू नकोस, तेवढं केलंस तरी पुष्कळ.’ आता नव्या सुनेला काही करू नकोस म्हटल्यावर ती स्वस्थ बसेल? रोज पाणी घातलं मी. सकाळी, आणि — हो, संध्याकाळीही. पंधरा दिवसांत आतून लगदा. बोट लावलं की पान हातात.

मग? मग काय, दुसऱ्या नर्सरीतून साधी आणली, तिथेच बसवली, पाटी तशीच. नवऱ्यालाही नाही सांगितलं — तो हसला असता आणि जेवताना आईला सांगून मोकळा झाला असता. आई आल्या त्या काळा चष्मा लावून. म्हटलं, सुटले. पण त्यांनी बोट फिरवलं हो कडेवरून, एकेका रोपाच्या, सावकाश. लव कुठली, सगळी गुळगुळीत. वाटलं, आता बोलतील. तर म्हणाल्या, ‘जोमात आहेत. तू दमलीस का गं?’ चार महिने झाले, एक अक्षर नाही. बोलल्या असत्या तर एकदाचं रडून घेतलं असतं. हल्ली जेवायला बसलो की मला आधी वाढतात.

काय म्हणालात? तुमच्या बहिणीने गेल्या वर्षी इथूनच नेलं होतं? आहे अजून? कडेला लव — नीट आठवून सांगा. आणि पिल्लं? सात?

काकू, एक आणाल? गुपचूप लावून टाकीन मी, कुणाला — नाही. नको. आणा, पण माझ्या हातात देऊ नका. आईंच्याच हातात द्या. कुठून आलं, का आलं, ते मी सांगेन, तिथेच उभी असेन मी. उद्याच या. आणि आता जा, काकू, थांबलात तर मी शब्द फिरवीन.